पाय वर घ्या जी

भीमराव तात्या रोज दुपारी दीडच्या सुमाराला खुर्चीत बसल्या बसल्या दोन्ही पाय उचलायचे. जमिनीपासून वीतभर वर धरायचे, आठ-दहा सेकंद तसेच ठेवायचे आणि मग हळूच खाली सोडायचे. समोर कोणी नसायचं. घरात दुसरं माणूसच नव्हतं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला म्हातारा गुडघ्याचा व्यायाम करतोय असंच वाटलं असतं. मी दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा माझेही पाय आपोआप वर गेले होते. त्यानंतर बरेच दिवस त्या खोलीत एकट्यानं बसायची माझी काही हिंमत झाली नाही.

माझं वारंगा फाट्यावर टीव्ही, मिक्सर आणि होम थिएटरचं दुकान आहे. होम थिएटर विकायची आमची एक ठरलेली तऱ्हा असते. वूफर पूर्ण उघडायचा, शोकेसच्या काचा थरथरवायच्या, गिऱ्हाइकानं छातीवर हात ठेवला की सौदा पक्का. मला स्वतःला आवाजातलं फार कळतं असा माझा तेव्हा समज होता. तात्यांच्या मुलानं, विलासनं, पुण्याहून फोन करून वडिलांसाठी पाच स्पीकर आणि एक वूफर असा संच सांगितला. घर कळमनुरीच्या रस्त्यालाच होतं, म्हणून बसवायला मीच गेलो.

तासाभरात सगळं लावलं. चार कोपऱ्यांत चार डबे, टीव्हीखाली एक, कोपऱ्यात वूफर. आवाज सोडला. तात्या डोळे मिटून ऐकत राहिले. उंच, वाळका माणूस, कानांवर केस वाढलेले. ऐकून झाल्यावर म्हणाले, "चांगलं हाय. आता यातले तीन काढून टाका."

"काहून?" मी विचारलं.

"मला कान दोन. पाच डबे कोणाकोणाला ऐकवू?"

मला रागच आला. लोक जास्तीचा स्पीकर फुकट मागतात आणि हा माणूस बसवलेले काढायला सांगतो. पण तात्यांपुढं राग टिकायचा नाही. ते इतक्या हळू बोलायचे की ऐकायला आपल्याला आपलं भांडण थांबवावं लागायचं. मी तीन डबे काढून खोक्यात भरले. वूफरही त्यांनी दोन्ही डब्यांच्या मधे आणवला आणि इतका कमी करायला लावला की तो आहे हेच कळेना. "ह्यो भोंगा धपाधपा बोलून राहिला तर बारीक माणसाचं कोण ऐकंल?" असं त्यांचं म्हणणं.

तात्यांची नोकरी सगळी सिद्धेश्वर धरणावर गेली होती, दरवाजे उघडायच्या-मिटायच्या कामावर. दरवाज्याला लाकडी दांडा टेकवायचा, दुसरं टोक कानाला लावायचं आणि पाणी कुठून झिरपतंय ते सांगायचं, यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मोठे साहेब यंत्र लावून जे सांगायचे ते तात्या आधीच सांगून बसलेले असायचे. "पाणी खोटं बोलत न्हाई," ते म्हणायचे. "आपण त्याच्या तोंडापुढून सरकत न्हाई, येवढीच तकलीफ हाय."

दुसऱ्या दिवशी फोन आला, या म्हणून. गेलो तर खोलीचं रूपच पालटलेलं. दोन्ही डबे भिंतीपासून हातभर पुढं, लाकडी स्टुलांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. दोन डब्यांत जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येक डब्यापासून खुर्चीपर्यंत. सुतळीनं मोजलेलं. खुर्चीच्या चारी पायांच्या जागा फरशीवर गेरूनं आखलेल्या. मागच्या आणि बाजूच्या उघड्या भिंतींवर जुन्या लुगड्यांच्या गोधड्या टांगलेल्या. मी टाळी वाजवून पाहिली, आवाज जागीच विझला. डाव्या डब्याच्या बाजूला एक चूल मांडलेली, न पेटवलेली. उजव्या डब्याला लागून पाण्यानं भरलेला माठ, वर तांब्या.

"तात्या, हे चूल-माठ काय?"

"बसा खुर्चीत. न्हाई, आधी मी बसतो. तुमी तिथं... तिथं नगं, जरा सरकून बसा. ती तिची वाट हाय."

मी माठाजवळ टेकलो होतो. काही न समजता सरकलो. तात्यांनी कपाटातून जुना टेपरेकॉर्डर काढला, दोन बाजूंना दोन माईक असलेला. लग्नानंतर चार वर्षांनी नांदेडहून आणला होता. आणला त्याच दिवशी धरणावरच्या क्वार्टरमधे फळीवर ठेवून, चालतो की नाही बघायला नुसताच सुरू केला. बायकोला सांगितलं नव्हतं. ती आपली झाडत होती. बारा मिनिटांचं रेकॉर्डिंग. त्यानंतर पाच महिन्यांनी गयाबाई तापानं गेल्या. विलास तेव्हा दीड वर्षाचा. त्याला मामांनी वाढवला.

टेपरेकॉर्डरची वायर यंत्राला लावून तात्यांनी सुरू केलं. आधी नुसती खरखर. मग डावीकडं, चुलीपाशी, बांगड्या वाजल्या. स्पीकरमधे नाही, चुलीपाशी. खराट्याचा सरसर आवाज सुरू झाला आणि तो डावीकडून सरकत सरकत मधे आला, जिथं डबाच नव्हता, मोकळी हवा होती. एक बाई तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती. अगदी खुर्चीच्या पुढ्यात ती थांबली आणि म्हणाली, "पाय वर घ्या जी, झाडून राहिले मी."

तात्यांनी पाय वर घेतले. खराटा खालून गेला. बांगड्या उजवीकडं गेल्या, माझ्यापासून हातभर अंतरावरून, आणि माठात तांब्या बुडाल्याचा आवाज माठातूनच आला. बाहेर टळटळीत ऊन पडलं होतं, रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर चालला होता, आणि मला घाम फुटला होता.

"क्वार्टरची खोली येवढीच व्हती," तात्या म्हणाले. "ते तीन डबे लावले असते तर ती मधल्या डब्यात जाऊन बसली असती. खिळा ठोकल्यावानी. मला ती चालती पाह्यजे."

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. हे सगळं विलाससाठी मांडलं होतं. आईला चालताना पाहिल्याचं त्याला आठवतच नव्हतं. आवाजही आठवत नव्हता. दोन-तीनदा तात्यांनी टेपचा विषय काढला, तर तो उठून बाहेर गेला. "भेतो लेकरू," तात्या म्हणाले. "पण एक दिवस बसंल या खुर्चीत. तवर मला हे नीट ठेवायचं हाय."

मग माझं जाणं-येणं वाढलं. दर आठ-पंधरा दिवसांनी काहीतरी निमित्त काढून मी जायचो. भीती वाटायची आणि जायचो, आता काय सांगू. त्या खुर्चीपुढचा पट्टा सोडून बाकी खोली तात्या स्वतः झाडायचे. मी एकदा विचारलं, मधलं काहून सोडता? तर म्हणाले, "तिथं काय झाडू? रोज झाडलं जाऊन राहिलंय." मी वाकून पाहिलं. धूळ खरंच नव्हती. यावर मी अजून कोणाशी बोललेलो नाही.

आणि मग मी घाण केली.

टेप झिजायला लागली होती. बांगड्यांवर फसफस चढत होती. मीच म्हटलं, तात्या, पेनड्राइव्हवर घेऊन देतो, मग जन्मभर काळजी नाही. ते दोन दिवस तयार नव्हते. तिसऱ्या दिवशी कॅसेट रुमालात बांधून, टेपरेकॉर्डर घेऊन स्वतः दुकानात आले. लग्नसराईचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. हाताला लागली ती वायर मी लॅपटॉपला खुपसली. ती दोन तारांची एक करणारी वायर होती. डावं-उजवं दोन्ही एकात कालवून गेलं. ते मला रात्रभर कळलं नाही. सकाळी कळलं, म्हणून पुन्हा घ्यावं म्हटलं तर टेपरेकॉर्डरनं टेप ओढून घेतली आणि चाकांभोवती गुंडाळून तिचे तुकडे केले. तुकडे हातात घेऊन मी काउंटरखाली बसलो. माझी आई गेली तेव्हा मी असा बसलो नव्हतो.

तात्यांना टेप तुटल्याचं सांगितलं. वायरचं सांगितलं नाही. जीभच उचलेना.

पेनड्राइव्ह लावला. बांगड्या वाजल्या, पण मधेच. खराटा मधेच. गयाबाई दोन डब्यांच्या बरोबर मधे उभ्या राहून जागच्या जागी झाडत होत्या. "पाय वर घ्या जी," त्या म्हणाल्या. तात्यांनी पाय उचलले नाहीत. त्यांची नजर समोर एका जागी लागलेली होती. संपल्यावर म्हणाले, "बराबर हाय. साफ आलं. चहा घेता?"

तो चहा मला गेला नाही. नंतर महिनाभर मी तिकडं फिरकलो नाही. शेवटी एका दुपारी मनाशी ठरवून गेलो, की आज सांगून टाकायचं, मग त्यांनी जोड्यानं मारलं तरी चालेल. दाराशी पोचलो तेव्हा आत चालूच होतं. तात्यांची मान डावीकडून हळूहळू मधे येत होती. त्यांनी पाय उचलले. मान उजवीकडं वळली, माठाशी थांबली. मग पाय खाली आले.

"तात्या, माझ्याकडून चूक झाली," मी दारातूनच म्हणालो.

"तुमी दोन तारांची एक केली," ते म्हणाले. "पैल्याच दिशी कळलं मला."

"मग बोलले काहून न्हाई?"

"बोलून टेप जुळली असती का? तुमचं तोंड तर तवाच येवढंसं झालं व्हतं." त्यांनी मला बसायला खूण केली, नेहमीसारखी ती वाट सोडून. "आठ दिवस जागची हलली न्हाई. मी म्हणलं, गयाबाई, चूल तिथंच हाय, माठ तिथंच हाय, वाट मोकळी ठेवली हाय. नवव्या दिशी आली."

घरी येऊन मी ते रेकॉर्डिंग लॅपटॉपवर उघडून पाहिलं. डावी रेघ आणि उजवी रेघ, तंतोतंत एक. तिच्यात चालणं नव्हतंच. माझ्या धंद्याच्या ज्ञानानं सांगतो, ते तिच्यातून काढताही येत नाही.

"मशीन नुसत्या दोन बाजू देतं," तात्या त्या दिवशी म्हणाले होते. "मधलं आपल्यालाच करा लागतं. पण विलासला जमंल का, ते सांगता येत न्हाई." त्यांनी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

गेल्या उन्हाळ्यात तात्या झोपेतच गेले. तेरवी झाली, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी दुपारी विलासचा फोन आला, "दादा, ते मशीन मला लावून द्याल का? बाबा रोज काय ऐकायचे ते एकदा ऐकतो." मी गेलो. पोरगं तिशी ओलांडलेलं, चष्मा, डोकं नुकतंच भादरलेलं. डोळे बापाचे. त्याला मी काहीच सांगितलं नाही. ना वाटेचं, ना पायांचं, ना माझ्या वायरचं. सांगून काय देणार होतो? आईचं चालणं मी कधीच तोडून टाकलं होतं. त्याला गेरूच्या खुणांवर खुर्ची ठेवून बसवलं, पेनड्राइव्ह लावला आणि मी बाजूला सरून जागा मिळेल तिथं उभा राहिलो.

खरखर झाली. बांगड्या वाजल्या, माझ्या कानाला मधेच. विलासनं मात्र मान डावीकडं वळवली, चुलीकडं. त्याची मान हळूहळू मधे आली. त्याचा चेहरा लहान होत गेला, दीड वर्षाच्या पोराचा असावा तसा. "पाय वर घ्या जी, झाडून राहिले मी." त्यानं दोन्ही पाय वर घेतले. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला तो हात उचलत नव्हता.

मग त्याची नजर उजवीकडं सरकायला लागली, आणि सरकत सरकत माझ्यावर येऊन थांबली.

"दादा, जरा सरका," तो हळूच म्हणाला. "आईला माठाकडं जायचंय."

मी खाली पाहिलं. मी तिच्या वाटेत उभा होतो. मी सरकलो.