घडीव लोखंडाची वाटणी

आटपाडीच्या पूर्वेला धुळा हवालदाराच्या माळावर मेंढरं चरतात आणि मधूनच एखादा पांढरा चेंडू उडतो. गावातल्या बायका त्याच्या गोल्फच्या काठ्यांना पळ्या म्हणतात. त्याची बायको हरणाबाई होती तेव्हा त्याच बायका कुजबुजायच्या, हा बायकोकडं बघत नाही, पण पळीचं तोंड दिवसातून दोनदा पुसतो. हरणाबाई गेल्यावर पुसणं आणखी वाढलं. घरात दुसरं तोंड तरी कुणाचं उरलं होतं?

पण धुळाकडं पळ्या अर्ध्याच. अर्ध्या कृष्णाकाठी, कऱ्हाडजवळ, जोतीरामकडं. दोघं एकाच पलटणीतले. छावणीचं गोल्फ मैदान राखायचे. निवृत्तीच्या वर्षी पुण्याच्या जुन्या बाजारात दोघांनी मिळून एक संच निवडला. चकचकीत ओतीव सोडून घडीव घेतला, कारण घडीव लोखंडानं चेंडू मारला की हाताला झिणझिण्या येत नाहीत. आणि गावी निघताना या शहाण्यांनी काय करावं? भावाभावांनी शेत वाटावं तशी वाटणी केली. तीन, पाच, सात, नऊ नंबरच्या काठ्या धुळाला. चार, सहा, आठ आणि वाळूतून चेंडू काढायची काठी जोतीरामला. अर्ध्या संचावर डाव खेळायचा नाही असं ठरलं, म्हणजे महिन्याला एकानं दुसऱ्याकडं जाणं आलंच.

गेल्या साली पावसाळा सरल्यावर जोतीरामच्या अंगणात धुळानं आठ नंबर हातात घेतला. तोंडावरच्या खाचांत गंजाचा तांबेरा. सून रेश्मा चहा घेऊन उभी.

"जोत्या, लेका, पुसत न्हाईस व्हय रं?"

"पुसतो की. हितली हवाच ओली."

"हवेला कशाला नावं ठेवतोस? पलटणीपासनं आळशी तू."

सुनेपुढं आळशी! जोतीरामनं चहाला हात लावला नाही. पुढच्या महिन्यात तो माळावर आला नाही, फोनही उचलला नाही. मग धुळाही ताठला. वर्षभर एकटाच चेंडू मारायचा आणि एकटाच शोधत फिरायचा.

शेवटी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली पिशवीत टाकून तो कऱ्हाडच्या एसटीत बसला. दोस्ताची समजूत काढायची होती. गावात मात्र सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडं चाललोय.

"आवं तात्या, आबा साताऱ्याला गेलं, थोरल्या भावजींकडं," दारातच रेश्मानं सासऱ्याचं सांगितलं. "गुडघं गेलं त्येंचं. आता तिथंच ऱ्हाणार. ह्या तुमास्नी द्यायला सांगितल्यात." तिनं गुंडाळलेल्या काठ्या पुढं केल्या.

"रागात हाय का अजून?"

"न्हाई. म्हणत्यात, धुळाचं खरं हुतं, माझ्याच्यानं निगा झाली न्हाई."

धुळा पडवीत बसला. काठ्या सोडून पिशवीतल्या कोरड्या ब्रशनं खाचा झाडू लागला, तसा त्याचा अंगठा थांबला. आठ नंबरच्या तोंडावरचा गंज रोखणारा मुलामा पार झिजला होता. रोज घासल्याशिवाय असा झिजत नाही. मुलामा गेला, म्हणून तर ओली हवा लोखंडाला लागली होती.

त्यानं तेलाचं फडकं फिरवलं आणि काठ्या परत गुंडाळल्या.

"ऱ्हाऊ दे हितंच. वाटणी मोडायची न्हाई."

"पर आबा आता येत न्हाईत, तात्या."

"मी येतो की. म्हैन्याला पुसून जातो."

कऱ्हाडच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी उभी होती. धुळा तिच्या दारापर्यंत गेला. रागावलेल्या जोतीरामला काय म्हणायचं, हे त्यानं वर्षभर घोकलं होतं. हार मानून बसलेल्या जोतीरामला काय म्हणायचं, ते काही सुचेना. कंडक्टरनं दार ओढून घेतलं, आणि धुळा आटपाडीच्या गाडीची चौकशी करायला खिडकीकडं वळला.