दाराशी लागणारी होडी

मिस्त्रींचं घर खाडीच्या अलीकडे आणि त्यांच्या ताईचं पलीकडे. गच्चीवर उभं राहिलं की ताईच्या दोरीवर आज कुठले कपडे वाळतायत, तेही दिसायचं. पण घर बांधून इतकी वर्षं झाली, तरी त्याला ताईचं पाऊल लागलं नव्हतं.

कारण गुडघे. धक्क्यावरून होडीत उतरायचं म्हणजे शेवाळलेल्या पायऱ्या, आणि शेवटची पायरी नि होडी यांच्यात एक हलती फट. पुलावरून यायचं तर बसचा वळसा इतका लांबचा, की उतरेपर्यंत पायांची लाकडं व्हायची. घर नवं होतं तेव्हा ती एकदा निघाली होती. धक्क्यावर दोघा नावाड्यांनी तिला काखेत हात घालून उचललं आणि मागून कुणीतरी म्हणालं, “पोतं जपून.” गमतीनेच म्हणाला असेल. ताई तिथूनच परत फिरली. यापुढे मला कुणी उचलायचं नाही, असं तिने भावाला सांगितलं. ताई कुठलीही गोष्ट एकदाच सांगते.

मिस्त्रींचा उभा जन्म बसडेपोत गेला होता. निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगणात एक गाडी बांधायला घेतली. ताईच्या दारातून निघेल, पाण्यातून येईल आणि आपल्या दाराशी थांबेल, अशी. गल्लीने तिला नाव ठेवलं बेडूक. बायकोने नुसतीच नावं ठेवली.

तसं पाण्याचं वेड त्यांना ताईनेच लावलेलं. लहानपणी दोघं पत्र्याच्या टबात बसून तळं वल्हवायची. टबाला भोक होतं. त्यावर ताई टाच दाबून बसायची आणि धाकट्याला सांगायची, तू फक्त समोर बघ.

बेडकाचा पहिला तळ त्यांनी वेगवान होड्यांसारखा धारदार केला. तो लाटा छान कापायचा, पण आतलं माणूस जरा सरकलं की झिंगल्यासारखा कलायचा. दुसरा केला ताटासारखा सपाट. तो शांत उभा राहायचा, मात्र जवळून लाँच गेली की प्रत्येक लाट त्याला खालून थपडा मारायची. तिसऱ्या तळाला मधे उथळ धार ठेवली आणि दोन्ही कडांना दोन बारीक पट्ट्या खाली उतरवल्या, दोन्ही हात टेकून बसलेल्या माणसासारख्या. तो जमला. चाकं पाण्यात ओढ घेत होती, ती पोटाशी दुमडणारी केली. तरी काठावर चढताना गाडी चिखलात रुतायची. पाण्यातला पंखा बंद करून मग चाकं फिरवायची नसतात, दोन्ही थोडा वेळ जोडीने फिरावी लागतात, हे उमगायला अख्खा उन्हाळा गेला. घोडं पेंड खात होतं ते तिथे.

पण त्यांचा जीव होता तो खुर्चीत. मोडीत निघालेल्या बसमधली ड्रायव्हरची खुर्ची. बाजूचं दार उघडलं की ती फिरून बाहेर यायची. ताईने दारात येऊन फक्त बसायचं, आत न्यायचं काम खुर्चीचं. तिची उंची ठरवायला मिस्त्री ताईच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलाचं माप घेऊन आले होते.

आता राहिलं बूच. तळाला मागच्या बाजूला एक भोक होतं. जमिनीवर आलं की आत साचलेलं पाणी त्यातून सोडायचं आणि परत पाण्यात जाण्याआधी पितळी बूच आवळायचं. दुसऱ्या कुणी ते गाडीतच ठेवलं असतं. पण डेपोची शिकवण अशी, की काढलेला नट खाली ठेवायचा नाही, ठेवला की गेला. तो खिशात टाकायचा. म्हणून बूच शर्टाच्या खिशात. त्यांच्या एकूण एक शर्टाच्या खिशावर हिरवा डाग होता आणि तो घासताना बायको काय काय म्हणायची ते सगळ्या गल्लीला पाठ होतं.

अखेर ताई तयार झाली. “एकदा येते,” ती म्हणाली. “पण मला उचलायची वेळ आली तर पुन्हा विचारू नकोस.”

ठरल्या दिवशी मिस्त्री सकाळीच बेडूक घेऊन पलीकडे गेले. ताईच्या अंगणात पोचेपर्यंत पाणी उडून शर्ट चिंब झाला होता. त्यांनी गाडीतलं पाणी सोडलं, शर्ट काढून ताईच्या दोरीवर टाकला आणि पिशवीतून आणलेला इस्त्रीचा शर्ट घातला. ताई दारात आली, खुर्चीत बसली. खुर्ची फिरली. ताईने हातावर हात ठेवले, खूश असली की ठेवते तसे.

खाडीच्या मध्यावर ती म्हणाली, “अरे, तुझ्या गाडीला कारंजं पण आहे की.”

मिस्त्रींनी मागे पाहिलं आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. खिसा कोरडा, कडक, रिकामा. परत फिरावं तर अंतर तेवढंच. बाजूने लाँच चालली होती. खलाशाने प्रकार पाहिला आणि ओरडून सांगितलं, थांबा, आजींना उचलून वर घेतो. होकार द्यायला मिस्त्रींनी हात वर केला.

“हात खाली घे,” ताई म्हणाली. तिने खुर्ची स्वतःच मागे फिरवली, चप्पल काढली आणि भोकावर टाच दाबली. कारंजं बसलं. “तू फक्त समोर बघ.”

ते समोर बघत राहिले. लाँचच्या लाटा आल्या, तेव्हा कडेच्या दोन पट्ट्यांनी त्या झेलल्या. काठाशी पंखा आणि चाकं जोडीने फिरली, आणि बेडूक ठिबकत ठिबकत दाराशी जाऊन उभा राहिला.

दारात बायको बादली घेऊन तयार होती. गच्चीवरून तिने ताईच्या दोरीवर तो शर्ट पाहिला होता आणि काय झालं असणार ते ओळखलं होतं. “हत्ती गेला नि शेपूट राहिलं,” नवऱ्याला एवढं ऐकवून ती नणंदेकडे वळली. “या वन्सं.”

खुर्ची बाहेर फिरली. ताई आपली आपण उठली आणि उंबरा ओलांडून आत गेली. तिच्यामागे फरशीवर एकाच पायाचे ओले ठसे उमटत गेले.

घर हिंडून पाहून झाल्यावर ती खिडकीशी बसली. बूच पलीकडे राहिलं, आता मी जाणार कशी, असं तिने विचारलं. मिस्त्रींच्या हत्यारांच्या पेटीत तसली आणखी बुचं होती. ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बायकोने डोळे वटारले.

“बघू,” मिस्त्री म्हणाले. “मिळायला वेळ लागेल जरा.”

“लागू दे,” ताई म्हणाली आणि तिने हातावर हात ठेवले.