आधी कोणी उघडली होती?

आमचे सासरेबुवा कलिंगडाचाही जबाब घ्यायचे. आमच्या भाईंदर पूर्वेच्या बाजारात फळवाला लाली दाखवायला कलिंगडाला त्रिकोणी चीर देतो ना, ती दिसली की हे तिथेच अडून बसायचे. "भैया, पहले किसने खोला था?" फळवाला हसायचा, आणि मी मेली लाजेने पुढच्या गाडीवर जाऊन कांदे चिवडत उभी राहायचे.

ही खोड त्यांना धंद्याने लागलेली. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर ते बाल्कनीत जुन्या एअरगन दुरुस्त करायचे. जत्रेत फुगे फोडायच्या, कोणाच्या माळ्यावर पडलेल्या, उत्तनकडे सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकलायच्या. तक्रार सगळ्यांची एकच, छर्रा जेमतेम बाहेर येतो आणि पायाशी पडतो. म्हणजे आतल्या पिस्टनचा वॉशर गेला, हवा धरत नाही. गिऱ्हाईक वर छातीठोकपणे सांगणार, "काका, कधीच उघडलेली नाही, ओरिजिनल आहे." झालं! सासरेबुवांचा डावा डोळा बारीक व्हायचा. "आधी कोणी उघडली होती?"

गिऱ्हाइकाच्या शब्दावर त्यांनी कधी वॉशर कापला नाही. आतला वॉशर चामड्याचा की प्लास्टिकचा, हे ते बंदुकीकडूनच काढून घ्यायचे. हवेच्या भोकातून तेलाचे थेंब सोडून बंदूक रात्रभर उभी ठेवायची. सकाळी जोर परत आला तर आत चामडं, तहानलेलं होतं ते प्यायलं. नाही आला तर भोकात काडी फिरवायची. काडीला पिवळट चुरा लागला की मला हाक यायची, "बघ, खारीचा चुरा! जुनं प्लास्टिक आहे आणि हा मला ओरिजिनल चामडं सांगतो." नवं चामडं चप्पल शिवणाऱ्याकडून यायचं, पण ते रेक्झिन तर नाही ना, म्हणून आधी त्याचा कोपरा जाळून बघायचे. घरभर घाण वास. मी उदबत्ती लावली तर म्हणायचे, "काय लपवतेस?"

बंदूक उघडायच्या वेळी मात्र बाल्कनीचं दार बंद. आत जाडजूड स्प्रिंग दाबून बसवलेली असते. बंदूक ठोकळ्यावर उलटी उभी करायची, मागच्या टोपीवर अंगाचा सगळा भार टाकायचा, पिन काढायची आणि मग भार हळूहळू सैल करायचा. हात सुटला तर टोपी उडून थेट तोंडावर! हे सगळं ते एकट्याने करायचे, भार डाव्या हाताने आणि पिन उजव्याने. मी एकदा विचारलं, "बाबा, मी दाबून धरू का?"

"दुसऱ्याच्या हातात स्प्रिंग आणि वर आपलं तोंड? मी काय खुळा आहे?"

असा राग आला होता मला! माझ्या हातचं जेवण चालतं, तेही म्हणा हुंगून, आणि एवढा भरवसा नाही?

मग आजारपण आलं. अंगावरचं मांस उतरलं, टोपी काही केल्या दबेना. उत्तनजवळच्या चौक गावातल्या एका म्हाताऱ्या कोळ्याची बंदूक तशीच पडून राहिली. तो दोनदा हात हलवत परत गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, "आज्याची बंदूक हाय. तुमच्याकडं व्हत न्हाय तं तसं सांगा, दुसरीकडं नेतो." त्या दिवशी सासरेबुवा जेवले नाहीत. आजाराने नाही, पण काम सुटलं तर हा माणूस जाणार, हे मला लख्ख दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी बाल्कनीचं दार उघडलं. "ये. हात कोरडे करून ये."

मी छातीने, दंडाने, होता नव्हता तो जोर लावून टोपी दाबली. आणि आमचे सासरेबुवा? माझीच पोळ्यांची परात तोंडापुढे ढालीसारखी धरून, लांबून पकडीने पिन ओढत होते! पिन निघाली. मी इंच इंच सैल करत स्प्रिंग मोकळी केली. आता तरी शाबासकी मिळेल म्हणून बघते तर डावा डोळा बारीक.

"आधी कोणाची उघडली होतीस?"

"बाबा, इतकी वर्षं काचेतून तुम्हालाच बघतेय!"

"म्हणजे पाळत ठेवलीस."

पण कोळ्याची बंदूक वाजली आणि पुढच्या बंदुकीला दार आपणहून उघडं राहिलं. मी दाबायची, त्यांनी पिन काढायची.

त्यांची शेवटची बंदूक आम्ही श्रावणात उघडली. त्यानंतर ते अंथरुणातून उठलेच नाहीत. त्या दिवशी नजर इतकी अधू झालेली की पिन दिसेना, म्हणून चेहरा टोपीच्या अगदी वर आणला. त्यांचा श्वास माझ्या मनगटांना लागत होता. पिन निघाली. आता ती सगळी स्प्रिंग फक्त माझ्या हातांवर होती, आणि हे तसेच वाकलेले.

माझा नवरा दारात आला आणि ओरडलाच, "बाबा, मागे व्हा! तिने सोडली तर?"

ते तसूभर हलले नाहीत.

"सोडायची असती तर पहिल्याच दिवशी सोडली असती तिने."

माझे दोन्ही हात टोपीवर. डोळे पुसणार कशी?