दीड बोटाची साक्ष

ज्या माणसाचं तोंड दीड बोटापेक्षा जास्त उघडत नाही, त्याला तुम्ही शंभर पोरांपुढे भाषण द्यायला उभं कराल का? मी केलं. आधी मला काय म्हणायचं ते म्हणून घ्या, मग पुढं वाचा.

त्याचं नाव शेखर. वय त्रेचाळीस. अकोल्यात जुन्या शहरातून स्टेशनपर्यंत ऑटो चालवायचा. आजोबांच्या काळापासून घर ख्रिस्ती. रविवारी सकाळी त्याचा ऑटो चर्चच्या भिंतीला लागलेला असायचा, मग सवारी कितीही हात दाखवो. बोलण्यात असा पटाईत की ट्रॅफिकचा पोलीस पावती फाडायला यायचा आणि हसत परत जायचा. आणि रोजचे सात-आठ खर्रे.

विदर्भाबाहेरच्या माणसाला खर्रा सांगावा लागतो. सुपारीचा बारीक चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत, म्हणजे प्लॅस्टिकच्या तुकड्यात, घ्यायचा आणि पाटावर तळहाताने घोटत राहायचं, चांगली दहा मिनिटं. मग चिमूट गालात. शेखरला पानठेल्यावरचा पटत नसे. त्याचा खर्रा घरी व्हायचा आणि घोटायची त्याची पोरगी, वर्षाली. पाचवीत होती तेव्हापासून, आता ती अकरावीत. "माह्या वर्षालीच्या हाताले तोड नाई," असं तो सवारीलासुद्धा सांगायचा. लोक पोरीच्या भाकरीचं कौतुक करतात ना, तसं.

मी व्यसनमुक्तीचं काम करतो. माझ्याकडे डिग्री नाही, ऑफिस नाही. शाळांमध्ये जातो, सडलेल्या गालांचे फोटो दाखवतो, एखाद्या हेडमास्तरशी भांडतो आणि घरी येतो. शेखरला मी सहा वर्षं शिव्या दिल्या. तो हसायचा. फक्त दरवर्षी ते हसणं थोडं कमी उघडायचं. मार्चमध्ये गालातली जखम भरेना म्हणून त्याला नागपूरला नेलं. तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. बावीस मे ही ऑपरेशनची तारीख मिळाली.

त्यानंतर एका दुपारी तो माझ्या दारात.

"शेषभाऊ, डॉक्टर म्हणते अर्धी जीभ काढा लागन. त्याच्या पहिले मले वर्षालीले एक गोष्ट सांगायची हाय."

"मंग सांग ना. एकाच घरात तं राह्यता."

"घरी आयकत नाई थे. तोंड उघडलं की म्हणते, पहिले तुमी सोडा, मंग मले शिकवा." जरा थांबून म्हणाला, "बरोबरच हाय म्हणा तिचं."

"काय सांगायचं हाय?"

"का खर्रा तोंडात घेजो नको म्हणून. अजून घेतला नाई तिनं. तिच्या वर्गातल्या पोरी खाऊन राहिल्या. आपली फक्त घोटते."

त्याने डोकं लढवलं होतं. त्यांच्या चर्चचं पोरापोरींचं शिबिर दर मे महिन्यात चिखलदऱ्याला भरतं. वर्षाली जाणारच होती. तिथे रोज संध्याकाळी कोणीतरी मोठा माणूस स्टेजवरून बोलतो. "स्टेजवरून बोललो तं तिले मधातून उठता येत नाई," तो म्हणाला.

शिबिर पास्टर कुलदीपच्या हातात. तिशीतला पोरगा, गिटार वाजवतो, मनानं चांगला. त्यांनी लगेच हो म्हटलं, पण एक अडचण काढली. त्यांच्यात अशा बोलण्याला साक्ष म्हणतात. माणूस उभा राहतो, मी कसा वाया गेलो होतो ते सांगतो, शेवटी प्रभूने मला त्यातून सोडवलं म्हणतो आणि पोरं हालेलुया म्हणतात.

"साक्ष विजयाची असते, शेखरदादा," पास्टर म्हणाले. "शेवट आशेचा पाहिजे. लहान मुलं आहेत."

शेखरने खिशातली पुडी काढून टेबलावर ठेवली. त्या दिवशीसुद्धा खाल्लेलीच होती. "पास्टर, विजय झालाच नाई तं मी कुठून आणू? खोटं बोललो तं वर्षाली समोरच बसली राहीन. पुडी तिनंच घोटेल हाय."

माझं डोकं फिरलं. मी पास्टरला म्हटलं, "तुमाले माणूस पाह्यजे का कॅलेंडरवरचं चित्र?" ते लाल झाले, पण भांडले नाहीत. शेवटी ठरलं की शेखर खरं तेवढंच बोलेल आणि प्रार्थना पास्टर करतील. मी जिंकलो असं मला वाटलं होतं. मला असं पुष्कळदा वाटतं.

शिबिराचा तिसरा दिवस. चहा झाल्यावर टिनाच्या हॉलमध्ये सतरंज्यांवर एकशेदहा पोरं बसली. अमरावतीची, अकोल्याची, पातूरची, तेरा ते अठरा वयाची. शेखरनं पांढरा शर्ट घातला होता. माईक हातात घेऊन बोलायला लागला. शब्द दातांमागे चेंगरून बाहेर येत होते. मागून कोणी बोललं, "अंकल, खाली सबटायटल लावा ना." हॉल फुटला.

शेखरही हसला. "लावतो बेटा. ये, माह्या बाजूले उभा राय आणि तूच वाच."

तिथून पोरं त्याची झाली. मी वीस वर्षं फोटो दाखवतो. त्यानं एकही फोटो दाखवला नाही. तो म्हणाला, "मी चार वर्षांपासून पाणीपुरी नाई खाल्ली. पैसे हायेत, ठेला घरासमोर हाय. पुरी तोंडात जात नाई. फोडून, चुरून खाल्ली तं ते पाणीपुरी राह्यते का?" कोणी हसलं नाही. "मिरची लागली का रडू येते. आंबा चोखता येत नाई. बायको भाकर दुधात कुस्करते, सहा महिन्यांच्या लेकराले कुस्करते तशी." एका पोरानं खिशातून हळूच काहीतरी काढून सतरंजीखाली सरकवलं, ते मी पाहिलं.

आता पुढची चूक माझी. डॉक्टर तोंड कसं मोजतात ते मीच त्याला शिकवलं होतं. आपली तीन बोटं जोडून उभी तोंडात घालायची. गेली तर ठीक, अडली तर आत काहीतरी आवळायला लागलंय. मी म्हटलं होतं, पोरांकडून करून घे, मजा येते.

"चला, सगळ्यायनं करा," शेखर म्हणाला.

एकशेदहा तोंडं उघडली. लाळ, खिदळणं, एकमेकांच्या तोंडात डोकावणं. वर्षाली दुसऱ्या रांगेत होती. ती हात मांडीवर ठेवून बसलेली. शेजारच्या पौर्णिमानं तिला कोपर मारलं, "कर ना वं, काहून लाजतं?" वर्षालीनं दोन बोटं आत घातली. तिसरं दातावर अडलं. तिनं जोर लावला, परत लावला, मग मान खाली घातली.

मी भिंतीजवळ होतो, मला दिसलं. शेखर स्टेजवर, त्याला तर समोरूनच दिसलं.

तो थांबला. माईक तोंडाजवळच होता, त्याचा श्वास हॉलभर ऐकू येत होता. ज्या एका वाक्यासाठी तो घाट चढून आला होता, ते अजून बोलायचं बाकी होतं. पास्टरना वाटलं माणूस गहिवरला. त्यांनी हलकेच गिटार छेडली आणि म्हणाले, "प्रभू आपल्या भावाला बळ देवो." पोरं म्हणाली हालेलुया. मग गाणं सुरू झालं. त्यांचा दोष नाही. कार्यक्रम असाच पुढं जातो.

हॉलच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी मी दोघांना गाठलं. बाप उभा, पोरगी नळाशी चाळा करत.

"कवापासून?" शेखर विचारत होता.

"मी खात नाई."

"वर्षाली."

"खात नव्हती मी, बाबा. तुमीच तं म्हणत होते, चाटून पाय, चुना बरोबर झाला का." तिचा आवाज चढला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "रोज सात-आठ डाव चाटलं. आठवीत होती तवा नुसतं चाटून भागे नाई. मंग थोडासा ठेवे मी गालात. तुमाले कमी पडे तवा तुमी म्हणत होते ना, आज पुडी लहान काहून."

शेखरनं माझ्याकडं पाहिलं. सहा वर्षं मी त्याच्या घरी चहा प्यायलो. त्या पोरीला पाटावर घोटताना समोर बसून पाहिलं, बोट चाटताना पाहिलं. तिच्या बापाला शिव्या देत राहिलो. तिला एकदाही विचारलं नाही.

"शेषभाऊ," तो म्हणाला, "तिचं उघडते का पहिल्यासारखं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पास्टरला मी कॅलेंडरवरून टोमणा मारला होता, आता कोणत्या तोंडानं बोलणार? "आज सोडलं तं तिथंच थांबते," मी म्हटलं. "व्यायाम केला तं जरासं वाढन. पुरं नाई."

त्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला, मग काढून घेतला. घेजो नको, हे वाक्य तीन वर्षं उशिरा आलं होतं आणि त्याच्या तोंडात शोभतही नव्हतं. तिथून अकोल्याच्या गाडीपर्यंत दोघं एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून चालले.

बावीसला ऑपरेशन झालं. अर्धी जीभ गेली, जबड्याचा तुकडा गेला. आता तो पाटीवर लिहितो. ऑटो मेहुणा चालवतो. घरात पाट नाही, पन्नी नाही. वर्षाली म्हणते सोडला. दर रविवारी मी जातो आणि तिला बोटं घालायला सांगतो. दोन जातात. गेल्या रविवारी ती म्हणाली, डोकं दुखते, आज नको. शेखरनं पाटीवर काही लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. मी चहा पिऊन निघालो. सोडला की नाही, मला खरंच माहीत नाही. चौकशी करू शकतो, ओरडू शकतो. पोरीचं तोंड बळजबरीनं उघडू शकत नाही.

तुम्हाला खर्रा सोडा म्हणून सांगत नाही. माझं ऐकून आजपर्यंत कोणी सोडला नाही. एवढंच मागतो की तुमचा खर्रा घरातलं लेकरू घोटत असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा आणि त्याच्या हातातून ती पन्नी काढून घ्या. स्वतः घोटा. चुना पाहायचा असेल तर तुमच्या जिभेवर पाहा.