मांजरीची पपई आणि पांढऱ्या किड्यांची साबणाची आंघोळ

रविवारी पुणेकर सिंहगडावर पिठलं खायला जातो, नाहीतर मॉलमध्ये थंड हवा खायला. मी हडपसरपुढच्या मांजरी गावात पपईची बाग बघायला गेलो, कारण कॉलेजातला मित्र विलास फोनवर म्हणाला, "लेका, बघून जा. पुढल्या साली इथं पार्किंग असंल."

त्याच्या घरात ठरलं होतं: यंदा पपई हातची गेली, तर जमीन बिल्डरला द्यायची. धाकटा भाऊ त्याचीच वाट बघत होता. आणि पपई जायला निघालीच होती. पिठ्या ढेकूण नावाचा परदेशी पाहुणा आलाय. पानाफळांवर पिंजलेल्या कापसासारखा बसतो आणि रस शोषतो. आपण दारं उघडली ती कंपन्यांसाठी. हा कुणाच्या सामानातून आला, याची चौकशी कुणी केली नाही.

जाणाऱ्यांसाठी सूचना. भिंग जवळ ठेवा. मी बुधवार पेठेत घेतलं. दुकानदाराने विचारलं, "कशाला हवंय?" म्हटलं, "किडे बघायला." "त्यासाठी मांजरीला कशाला जाताय?" असं म्हणून त्याने सुटे पैसे मागितले. स्वारगेटहून हडपसरची बस, पुढे सहा आसनी रिक्षा. तिच्यात सहाच माणसं बसलेली मी अजून पाहिलेली नाहीत. मांजरीचं रेल्वे फाटक बंद असेल असं धरूनच निघा. फाटकापाशी भुईमुगाच्या शेंगा मिळतात. वाट बघण्याची तेवढीच भरपाई. पुढे डावीकडे ऊस, उजवीकडे 'निसर्गाच्या कुशीत' असा फलक लावलेले, निसर्ग उपटून बांधलेले मनोरे.

विलासची बाग अशाच एका सोसायटीच्या भिंतीला लागून आहे. आधी दुकानदार देईल ती सगळी औषधं त्याने मारून पाहिली होती. पिठ्याच्या अंगावर मेणाचा रेनकोट असतो. तो निवांत राहिला आणि त्याला खाणारे ढालकिडे तेवढे मेले. कृषीची पदवी घेतलेल्या माणसाला हे आठवायला अर्धी बाग द्यावी लागली. आता त्याने सरकारी केंद्रातून चिलटाहून बारीक माश्या आणून सोडल्या होत्या. माशी पिठ्याच्या पोटात अंडं घालते, अळी त्याला आतून पोखरते. अट एकच, आसपास विषारी फवारा नको.

भिंगातून काही पिठ्या ढेकूण तपकिरी, फुगलेले दिसले. पाठीला भोक. "माशी भाईर पडली," विलास म्हणाला, आणि प्रथमच हसला.

तेवढ्यात भिंतीपलीकडून आरडाओरडा आला. सोसायटीचं श्रमदान चालू होतं, म्हणून आम्हीही डोकावलो. सगळ्यांच्या अंगात एकसारखे टी-शर्ट, हातात साबणाचं पाणी आणि जुने टूथब्रश. जास्वंदीवरचे पांढरे किडे घासून बादलीत पाडणं चालू होतं. पंधरवड्यापूर्वी याच मंडळींनी ऑनलाइन मागवलेले ढालकिडे फीत कापून बागेत सोडले होते. चेअरमन आयटीतले, मूळचे अमरावतीचे, फार उत्साही.

"काका, बायो-कंट्रोल टोटल फेल," ते विलासला म्हणाले. "उलट पेस्ट वाढली. मोठे मोठे झालेत, पळतात पण!"

एका बाईंनी माझं भिंग घेतलं. "अय्या, हा मोठा त्या छोट्याला खातोय! कॅनिबल आहेत हो हे!"

"मॅडम," विलास म्हणाला, "ती मोठी म्हंजे तुमच्याच ढालकिड्यांची पोरं हायत. पिठ्या खायलाच आणले होते ना त्यांना?"

बाईंनी बादलीत वाकून पाहिलं.

"पण ही पांढरी कशी?" चेअरमन म्हणाले.

"मग काय टी-शर्ट घालून हिंडतील?"

यानंतर लाजावं, अशी माझी समजूत. चेअरमन लाजले नाहीत. "एनी वे, संध्याकाळी फॉगिंग आहे. रेझोल्यूशन पास झालंय."

विलासचा चेहरा उतरला. वारा बागेकडेच होता. "साहेब, धूर आला तर माझ्या माश्या मरतील. थोडे दिवस थांबा. पाया पडतो."

"आम्ही आपल्या भावना समजतो, पण ई-मेल ग्रुपवर सगळ्यांनी ॲग्री केलंय."

ज्याची बाग जाणार, तो त्या ग्रुपवर नव्हता.

मग भिंगवाल्या बाई म्हणाल्या, "अहो, आज नको हं. लॉनवर पिंकीचा बर्थडे आहे. केकला वास लागेल." चेअरमननी तत्क्षणी फॉगिंग पुढे ढकललं. विज्ञानाने जे साधलं नाही, ते अननसाच्या केकने साधलं. पुढे परीक्षा आल्या, मग गणपतीची आरास. धूर राहूनच गेला.

विलासकडे जेवण झक्कास: ज्वारीची भाकरी, खर्डा, वांग्याची भाजी. कुणाकडे जाणार नसाल तर डबा न्या. त्या रस्त्यावर 'फार्म फ्रेश' लिहिलेल्या ठिकाणी पाकिटातलं सूप मिळतं.

हे लिहितोय तेव्हा घरात विलासने पाठवलेल्या पपया आहेत. एक-दोन वाकड्या, पण गोड. भावाने बिल्डरला 'यंदा नको' म्हणून कळवलं. माश्यांना भिंत कळत नसल्यामुळे पलीकडची जास्वंदही साफ झाली. त्या प्रवासातून मला एवढंच कळलं की या शहरात चांगली गोष्ट घडायची असेल, तर मंडळींना त्या दिवशी दुसरं काहीतरी काम असावं लागतं.

सोसायटीच्या दारावर आता फलक आहे, 'जैविक कीडनियंत्रण: आमचा यशस्वी उपक्रम', खाली कार्यकारिणीची नावं. मी विलासला फोन करून विचारलं, "तुझंही नाव घालायला सांगू का?"

"नगं लेका," तो घाईघाईने म्हणाला. "उद्या सल्लागार नेमतील, मग मीटिंगला बसावं लागंल."