किल्टवरची टोपी

रेणापूर मागं पडलं, ऊन पाठीवर आलं, आणि रेवणप्पांनी सकाळपासून कितव्यांदा तरी खिशातला मोबाईल काढला.

"शिवक्का, जरा बघा बरं. ही, का ही?"

शिवकांता त्यांच्या बाजूनं चालत होती. उदगीरहून कपिलधारला, मन्मथस्वामींच्या समाधीला निघालेली पदयात्रा पार पुढं गेली होती. टाळांचा आवाज उसाच्या फडापलीकडून मधूनच यायचा, मधूनच विरायचा. तिची टाच दुखत होती म्हणून ती मागं राहिली होती. रेवणप्पांचे पाय ठणठणीत होते, ते मोबाईलपायी मागं राहिले होते. उन्हात काही दिसायचं नाही, म्हणून झाड आलं की थांबायचे आणि हाताच्या आडोशानं बघायचे.

फोटोत दोन टोप्या होत्या. एक काळी, नावेसारखी लांबट, मागं दोन फिती सोडलेली. दुसरी निळी, गोल, भाकरीसारखी चपटी, वर लाल गोंडा. दोन्ही लोकरीच्या, दोन्ही स्कॉटलंडच्या. पहिलीला ग्लेनगॅरी म्हणतात आणि दुसरीला बालमोरल, हे आता रेवणप्पांना पाठ झालं होतं.

त्यांच्या एकुलत्या एका पोराचं, अमरेशचं, परवा शनिवारी तिकडं ग्लासगोत लग्न होतं. मुलगी तिथलीच, कर्स्टी. तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि सगळं घाईत ठरलं. रेवणप्पांचा व्हिसा तेवढ्यात होण्यातला नव्हता. "उन्हाळ्यात आम्ही येतो, अप्पा, मग आपल्या पद्धतीनं पुन्हा करू," असं अमरेश म्हणाला होता. नवरदेवानं तिकडचा पोशाख घालावा अशी कर्स्टीच्या वडिलांची हौस, म्हणून किल्ट, म्हणजे पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा, त्यांनीच शिवून घेतला. मग अमरेशनं फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, 'अप्पा, बाकी सगळं त्यांच्या घरचं हाय. डोक्यावरचं तेवढं आपल्या घरचं राहू द्या. टोपी तुम्ही सांगाल ती.'

लग्नात त्यांच्या वाट्याला आलेलं एवढंच.

"मला काय कळतंय त्यातलं, मामा? तुम्ही डोक्यावरचे मास्तर," शिवकांता म्हणाली.

ते खरंच होतं. रेवणप्पा दिवसा मोंढ्यात अडत्याकडं वजनकाट्यावर बसायचे आणि लग्नसराईत फेटे बांधायचे. उदगीरात एक काळ असा होता, की नवरदेवाला आंघोळ घातली की माणूस पळायचा तो रेवणप्पांना बोलवायला. डोकं वितीनं मोजायचे, कापडाचं दुसरं टोक कुणाच्या तरी हातात द्यायचे आणि नवरदेवाला दटावायचे, "मान ताठ ठेव रे! उद्यापासून हलवायचीच हाय." मांडव हसायचा. पुढं शिवलेले फेटे भाड्यानं मिळायला लागले, बोलावणी थांबली. तरी ज्याची पत्रिका येईल त्याच्या लग्नाला ते जायचे, सगळ्यांच्या आधी जायचे. बायको मल्लम्मा वारल्यापासून तर जास्तच. शिवकांताचं घर त्यांच्या गल्लीतच. तिला ठाऊक होतं, लग्नात कुणी ना कुणी म्हणतं, 'अप्पा, इकडं बसा'. घरी कोण म्हणणार?

चहाच्या टपरीवर उमादेवी भेटल्या. दिंडीतल्या सगळ्या बायकांचं तोंड एकट्या उमादेवींना मिळालं होतं.

"काय हो वरबाप, नवरदेव परकर नेसून राहिला म्हणं?"

"परकर न्हाई, उमाक्का. किल्ट म्हणतेत. आठ वार कापड लागतंय त्याला. तुमच्या नऊवारीला एकच वार कमी."

"अगं बाई! आन् नवरी?"

"नवरी साधी असती. तिकडं नवराच नटतोय."

उमादेवी बशीतला चहा सांडेपर्यंत हसल्या. रेवणप्पाही हसले, पण बायका पुढं गेल्या तसं त्यांचं बोट पुन्हा स्क्रीनवर फिरायला लागलं.

"ही लांबटी मनात भरली होती," ते चालता चालता म्हणाले. "माझ्या बापाची टोपी अशीच. मागच्या फिती बघा, फेट्याचा शेमला सोडल्यावानी. पर काळी हाय. काळं कसं चढवावं नवरदेवाच्या डोक्यावर?"

"मग गोल."

"गोल चांगली. रंग चांगला, गोंडा चांगला. पर ती एका अंगाला कलती घालतेत. कपाळ झाकलं तर विभूती कुठं दिसंल? मागं सारली तर पडंल का, ते डोक्यावर चढवल्याबिगर कळत न्हाई."

दुपारचा विसावा शाळेच्या ओसरीत होता. जेवणं झाली, बायका लवंडल्या. रेवणप्पा बसूनच होते. त्यांनी पिशवीतून निळं उपरणं काढलं, गुडघ्यावर घडी घातली, कडेनं दोरा ओढला, मध्ये कागद घातला. मग उठून रस्त्यावर गेले. उसाच्या गाडीवाल्याशी काहीतरी बोलले आणि बैलाच्या शिंगाचा एक लाल गोंडा घेऊन आले. तो टाचला, आणि टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवली. उजवीकडं कलती, कपाळावरची विभूतीची तीन बोटं मोकळी.

"बापलेकाचं डोकं एकाच घेराचं हाय," ते म्हणाले. "त्याच्या लिंगदीक्षेच्या वक्ताला फेटा बांधला होता, तवाच कळलं. आता मोठं झालं आसंल, पर उगं सूतभर."

ओसरीभर हशा उठला. उमादेवी म्हणाल्या, "अप्पा, तुमचंच उरकून टाका आता!" धोतर, सदरा आणि वर ती गोल निळी टोपी. रेवणप्पांनी दोन पावलं चालून दाखवलं, मान झटकली. टोपी हलली नाही.

"शिवक्का, एक फोटो काढा. धाडा त्याला."

फोटो गेला. तिकडं तेव्हा सकाळ उजाडत असणार. थोड्याच वेळात व्हिडिओ कॉल आला. अमरेशचे केस विस्कटलेले, मागं कर्स्टी हात हलवत होती.

"अप्पा! लई भारी! हीच घेतो बघा. कर्स्टी म्हणते, तुमच्यावरच जास्त शोभते."

"कलती घाल, पर कपाळ झाकू नको. विभूती हाय का तुझ्याजवळ?"

"हाय अप्पा. तुम्ही दिलेली पुडी हाय."

"मग झालं. अक्षता पडस्तोवर हलायची न्हाई, मी बघितलंय चालून."

अमरेशनं मागं कर्स्टीकडं बघितलं. "अप्पा, ती बाहेर घालायची आसती. दारात, फोटोला. आत गेलं की काढून हातात धरतेत. छपराखाली टोपी ठेवणं इथं बरं दिसत न्हाई."

"आत मंजे? लग्न लागताना?"

"हाव. आन् अक्षता न्हाईत, अप्पा. दोघांनी वचनं बोलायची आसतेत, मग सही."

"उघड्या डोक्यानं?"

"इथं सगळेच तसे उभे राहतेत."

कर्स्टीनं काहीतरी विचारलं, अमरेशनं तिला काहीतरी सांगितलं. रेवणप्पा स्क्रीनकडं बघत होते.

"बरं," ते म्हणाले. "त्यांच्यात जसं आसंल तसं कर. मान राख त्यांचा. चहा घ्या आता, उशीर होईल तुम्हाला."

फोन ठेवल्यावर त्यांनी टोपीचा दोरा उसवला, उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि गोंडा गाडीवाल्याला नेऊन दिला.

उन्हं कलली तशी दिंडी उठली. दोघं पुन्हा मागं राहिले. दोन्हीकडं सोयाबीन निघालेली काळी रानं होती, कुठं हरभरा वर येत होता. शिवकांता मनात नाम घेत चालली होती. आपल्याकडं पुरुषाचं डोकं उघडं कधी राहतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. घरातलं माणूस गेलं की. मग सोयरे येतात, टॉवेल-टोपी चढवतात, तेव्हा ते झाकलं जातं. मल्लम्माच्या मातीला अमरेश तसाच उभा होता, आणि बाजूला रेवणप्पा.

बरंच अंतर गेल्यावर रेवणप्पा बोलले.

"त्याला ठाऊक न्हाई, शिवक्का. पोरगंच हाय ते. त्याला ह्यातलं काय सांगू नगा."

"नाही सांगत."

"मी सांगितलं तर ऐकंल, टोपी ठेवंल डोक्यावर. मग तिच्या घरचे म्हणतील, हा कसला आडमुठा." ते थोडं हसले. "एवढ्या लोकांची डोकी झाकली मी. कुणाकुणाची तर नावंबी ठाऊक न्हाईत."

शिवकांता म्हणाली, "देवाला काय, मामा, सगळं दिसतं त्याला."

"दिसतंय की. पर आपुन बी काय तरी करावं न्हवं?"

पुढं टाळ वाजायला लागले होते. मुक्कामाचं गाव आलं असावं. रेवणप्पा रस्त्याच्या कडेला थांबले. पहिल्यांदाच मोबाईलसाठी नाही.

"शनिवारी त्यांचं दुपारचं लग्न हाय. आपल्याकडं तवा सांज होती, गोरजच म्हणा की. दिंडी शिवपाठाला बसलेली आसंल, आपल्याकडं कुणाचं ध्यान राहणार न्हाई." त्यांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. "मला मंगलाष्टकं येत न्हाईत. जल्मभर नवरदेवाच्या मागं उभा राहून ऐकली, पर ध्यान सगळं फेट्यावर. तुम्हाला येतेत. गल्लीतल्या शरणप्पाच्या पोरीच्या लग्नात तुम्ही म्हणला होतात. शिवक्का, त्या वक्ताला जरा बाजूला येताल का माझ्यासंगं? एखाद्या झाडाखाली, कुठंबी. दोनच म्हणा, हळू म्हणा. त्याच्या वाटचं डोकं मी झाकून उभा राहतो."