थाळीविना मोजलेल्या रिंगा

माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील आणि अक्षरही वेडंवाकडं आहे. मी चौथीपर्यंतच शिकले. पुढची शाळा पिशोरला होती आणि मुलीला एवढं चालत कोण पाठवणार, असं घरात म्हणाले. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी चुकून कुणी वाचलीच, तर अक्षराबद्दल मला माफ करावं. मी मात्र त्या सुपरवायझरला माफ केलेलं नाही, आणि करणारही नाही.

वाळूजच्या एका छोट्या शेडमध्ये मी रबराच्या रिंगा साफ करायचे. गाडीच्या दिव्याच्या काचेमागं बसते ती रिंग, वीतभर मोठी, मऊ आणि पातळ. साच्यातून निघाली की कडेला जास्तीचं रबर चिकटलेलं असतं, ते ब्लेडनं काढायचं. टेबलावर आम्ही सहा बायका. पाचजणी पुसायच्या, निवडायच्या, खोक्यात भरायच्या. ब्लेड माझ्या एकटीकडं होतं, कारण माझा हात हलत नसे.

ही रिंग मोकळी असली की गोल राहत नाही. उचलली की लांबट होते, टेबलावर टाकली की अंड्यासारखी पडते. भिंतीवरच्या ड्रॉइंगमध्ये मात्र ती चंद्रासारखी गोल काढलेली होती. मधून आडवं माप, आणि त्याच्यापुढं अर्धा मिलिमीटर कमी किंवा जास्त चालेल अशी खूण. इंग्रजी आकडे मी शेडमध्येच शिकले.

जुने सुपरवायझर म्हातारे होते. ते रिंग कधीच मोकळी मोजत नसत. त्यांच्याकडं ॲल्युमिनियमची एक थाळी होती, तिच्यात गोल खाच. रिंग खाचेत बसवायची, चार चिमटे लावायचे आणि मग माप घ्यायचं. नवीन बाईला शिकवताना ते ड्रॉइंगच्या खाली लिहिलेल्या ओळींवर बोट ठेवायचे. "हे बघा, इथं लिहिलंय." आम्हाला कुठं इंग्रजी वाचता येत होतं? आम्ही मान हलवायचो.

ते काम सोडून गेले आणि हा आला. खिशाला दोन पेनं, पायात चकचकीत बूट. एक रिंग थाळीत बसवायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात आपण दहा मोजतो, असं तो म्हणायचा. त्यानं थाळी कपाटात टाकून कुलूप लावलं. महिना संपायच्या आत तो नापास रिंगांचे दोन क्रेट घेऊन टेबलाशी आला.

"किसने काटा ये? एका बाजूनं जास्त, एका बाजूनं कमी. ओ बाई, भाजी चिरती काय इथं?"

पाचही जणींनी माझ्याकडं पाहिलं. मी कशीबशी बोलले, "साहेब, ती थाळीत..."

"काय?"

"थाळीत घेऊन..."

"कामून, जेवण झालं नाय का अजून?" सगळ्या हसल्या. हसू थांबल्यावर तो म्हणाला, "चौथी पास बाई आता आपल्याला मापं शिकवणार. घ्या ऐकून."

मी ब्लेड उचललं आणि पुढची रिंग घेतली. मला अजून त्याची चीड येते, आणि माझीही.

वाया गेलेल्या मालाचे पैसे त्यानं सगळ्या टेबलाच्या पगारातून कापले. एकेकीचे एकशे चाळीस. दुसऱ्या महिन्यात पुन्हा तेवढेच. तिसऱ्यांदा असा माल निघाला तर ब्लेडवालीला घरी पाठवणार, असं तो सगळ्यांसमोर बोलला. माझ्या घरवाल्याचं काम तेव्हा बंद पडलेलं. घर माझ्याच पगारावर चालत होतं.

बसमध्ये बायका मला जागा देईनात. मी कडेला टेकले की शेजारची पदर ओढून घ्यायची. "सरक तिकडं, काकू. तुझ्या हाताला लई गुण हाय. माझं लुगडंबी वाकडं व्हईल." दुसरी म्हणायची, "एकशे चाळीस रुपये ब्लेडखाली गेले बाई. जरा तरी लाज वाटू दे." ज्यांच्या बाळंतपणात मी त्यांच्या वाटणीचंही काम केलं होतं, त्याच या बायका. वाळूजपर्यंत मी दांडा धरून उभी राहायचे आणि मनातल्या मनात एकेकीला शिव्या द्यायचे.

एका रविवारी फळीवरचे पिठाचे डबे पुसायला काढले. डब्यांखाली कागद अंथरलेला होता. तो म्हणजे आमचंच जुनं ड्रॉइंग. तेलकट झालं म्हणून जुन्या सुपरवायझरांनी काम सोडून जाताना भिंतीवरचं काढून टाकायला सांगितलं, तेव्हा कागद जाड होता म्हणून मी तो जेवणाच्या डब्याखाली दडवून घरी आणला होता. शेडमधला कागद बाहेर नेणं म्हणजे चोरी, हे मला माहीत होतं.

नव्या सुपरवायझरनं त्याजागी लहान झेरॉक्स चिकटवली होती. ती रिंगेच्या चित्रापाशीच संपायची. माझ्या कागदावर चित्राखाली चार ओळी होत्या, आणि तिसऱ्या ओळीवर बोटांचा काळा डाग. इतकी वर्षं म्हातारे तिथंच बोट ठेवत आले होते. ओळ काय म्हणते ते मला वाचता आलं नाही. पण झेरॉक्समध्ये ती नाही, एवढं दिसत होतं.

आमच्या रिंगा घेणाऱ्या मोठ्या कारखान्याचे साहेब महिन्यातून एकदा माल बघायला यायचे. त्या दिवशी मी कागद पुन्हा डब्याखाली घालून नेला. आत जाताना कुणी बघत नाही, नवा सुपरवायझर आल्यापासून बाहेर पडताना मात्र वॉचमन पिशवी उलटी करतो. म्हणजे आत नेला की तो कुणाला तरी द्यायलाच हवा होता.

साहेब टेबलापाशी आले. मी कागद उघडून रिंगांवर ठेवला. त्याच्यावर डब्यांचे गोल डाग होते आणि पीठ लागलेलं होतं.

"हा कागद कुठून आला?" साहेबांनी विचारलं.

"घरून."

सुपरवायझर एकदम पुढं आला. "चोरी है साब ये. सीधी चोरी."

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलंही नाही. तिसरी ओळ वाचून त्यांनी ती मराठीत सांगितली. ही रिंग मोकळी असताना मोजायची नाही, खाचेत बसवून, चिमटे लावून मोजायची. "थाळी कुठं आहे?"

"किल्ली हरवली साहेब."

"मग कुलूप तोडा."

किल्ली त्याच्याच खिशातून निघाली.

दोन्ही महिन्यांचे नापास केलेले क्रेट भिंतीशी पडून होते. साहेबांनी एकेक रिंग थाळीत बसवली. पहिली बरोबर आली, दुसरीही, दहावीही. बायका कामं सोडून बघत राहिल्या. अकरा रिंगा मात्र खरंच माझ्या ब्लेडनं खोलवर कापल्या गेल्या होत्या. त्या साहेबांनी बाजूला काढल्या आणि एवढ्या जातातच म्हणाले. हे मी लिहिते, कारण त्या सुपरवायझरसारखं खोटं मला लिहायचं नाही.

शेडच्या मालकानं कापलेले पैसे परत द्यायला सांगितले. सुपरवायझरनं माफी मागितली नाही. उलट वहीत माझ्या नावापुढं कागद नेल्याची नोंद केली आणि वॉचमनला रोज माझी पिशवी दोनदा बघायला लावली. बसमध्ये जागा मिळायला लागली. "बस ना काकू." मी बसले नाही. दांडा धरूनच उभी राहिले.

पहिल्या महिन्याचे पैसे सगळ्यांना मिळाले. दुसऱ्या महिन्याचे पाचजणींना मिळाले, मला नाही. "सुट्टे नाहीत." "उद्या या." "परवा." मग मी रोज सुट्टी झाली की त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहायला लागले. बसचा हॉर्न वाजेपर्यंत उभी राहायचे. तो फोन उचलायचा, कागद चाळायचा, माझ्या मागं बघायचा. नवव्या दिवशी ओरडला, "काय भूत लागलंय काय या बाईला!" आणि खणातून नोटा काढून टेबलावर आपटल्या. एक खाली पडली. ती त्यानं उचलली नाही.

मी वाकून उचलली. त्याच्यासमोर दोनदा मोजले. एकशे चाळीस. आधीचे एकशे चाळीस धरून दोनशे ऐंशी, म्हणजे सगळे फिटले. त्यानं अंगठ्यासाठी शाई पुढं केली होती. ती सरकवून मी त्याच्या खिशातलं पेन मागितलं आणि सही केली.